दाखल्यावरचा एक जून

शाईचं पॅड रंभाबाईपुढं सरकवून विवाह अधिकारी म्हणाले,

"आई, युवराजचा जन्म कधीचा?"

तिनं अंगठा पदराला पुसला. त्याला अजून काही लागलंही नव्हतं.

भिंतीपाशी युवराज आणि अर्शिया उभे होते. त्यांच्या लग्नाच्या नोटिशीचा महिना संपत आला तेव्हा रामहरीनं, युवराजच्या बापानं, हरकत घातली होती. धर्म वेगळा म्हणून इथं लग्न अडत नाही, हे वकिलानं त्याला समजावलं होतं; वय कमी असेल तर अडतं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे पोराला जूनमध्येच एकवीस पुरी झाली होती. खरी पुरी व्हायला दिवाळीचा पाडवा यायचा होता. तोवर अर्शियाच्या घरचे तिला कुठंतरी उजवून मोकळे होणार, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाळंतपण करकंबला घरीच झालंय, नोंद नाही," साहेब म्हणाले. "आता तुमच्याच जबाबावर आहे."

"सांग की," रामहरी म्हणाला. "पाडव्याला झाला म्हून. खरं त्येच सांगायचं हाय."

खरं तेच होतं. पाडव्याची पहाट, विझत आलेल्या पणत्या, दाईचे तेलकट हात. सगळं तिला आठवत होतं आणि कशाचंच काही वाटत नव्हतं. येताना एसटीत रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. पोराचा राग, नवऱ्याचा धाक, चार माणसांतली लाज, सगळं कुठं दडी मारून बसलं होतं कोण जाणे. युवराज खाली मान घालून उभा होता. अर्शियानं मघाशी पुढ्यात ठेवलेली पाण्याची बाटली रंभाबाईनं तशीच मांडीवर धरली होती.

"एक जून," ती म्हणाली.

"नक्की?"

"व्हय."

साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. तिनं अंगठा उठवला आणि बाटली घेऊन बाहेर आली.

व्हरांड्यात रामहरीनं तिला गाठलं.

"खोटं बोललीस."

रंभाबाईनं बाटलीचं बूच काढलं. दोन घोट पाणी प्याली.

"शाळंत घालताना वय भरंना, तवा मास्तरला ही तारीख तुमीच सांगितली की," ती म्हणाली. "मी शेजारीच हुबी हुते. तवा बोलले का काय?"