पाहिलं त्याची पाळी

आमच्या डायलिसिस सेंटरचा एक नियम आहे आणि तो कुठल्याच कागदावर लिहिलेला नाही. कुणी आजारी पडलं की मॅडम ग्रुपवर विचारतात, "दुसऱ्या पाळीला कोण येईल?" उत्तर कुणीच देत नाही. मग मॅडम तो मेसेज कुणी कुणी पाहिला त्याची यादी काढतात आणि सगळ्यांत आधी ज्याने उघडला त्याला फोन करतात. "पाहिलंस ना? मग ये." झालं. पाहिलं त्याची पाळी.

त्यामुळे आम्ही आठही तंत्रज्ञ ग्रुप पाहतच नाही. म्हणजे वाचतो, पण उघडत नाही. फोनच्या वरच्या पट्टीत मेसेजच्या दोन ओळी सरकत येतात, त्या वाचायच्या आणि बोट आवरायचं. पट्टी अलगद खाली ओढली तर चार ओळीही मिळतात. ही विद्या सगळ्यांना मीच शिकवली. एकदा डब्याच्या वेळेला एकेकाला समोर बसवून, बोट कुठे ठेवायचं इथपासून. मोठी गुरू लागून गेले होते मी!

त्या दिवशी माझी पहिली पाळी होती, सकाळी सहा ते दोन. बाबांचं ऑपरेशन चारला होतं, दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात, आमच्या इथून सव्वा तासावर. घशातली गाठ वाढली होती आणि आता स्वरयंत्रच काढायचं होतं. म्हणजे चारनंतर बाबा जगतील, जेवतील, माझ्यावर डोळेही वटारतील, पण बोलणार नाहीत. मला एकदा समोर उभं राहून त्यांचं बोलणं ऐकायचं होतं. रागावले असते तरी चाललं असतं. खरं तर रागवायलाच हवे होते, कारण आमचं दोघांचं बोलणं बहुतेक तेवढंच. फोनचा काही उपयोग नव्हता. बाबांना फोनवर ऐकू येत नाही. समोरच्याचे ओठ पाहून त्यांना अर्धं कळतं, उरलेलं ते मनाने भरतात आणि मग भांडण होतं.

दोनला सुटायचं, सव्वातीनला पोचायचं, असं मी ठरवलं होतं. बारा वाजता पट्टीत मॅडमचा मेसेज आला. आमच्यातली घारी, जी दोनला मला सोडवायला येणार होती, तिचं पोट बिघडलंय, दुसऱ्या पाळीला कोण?

एका तंत्रज्ञाकडे सहा मशिन असतात. माझ्याकडच्या सहाही खुर्च्यांवर साडेबाराला पेशंटची दुसरी फळी लागणार होती. एकदा का माणसाचं रक्त त्या नळ्यांतून फिरायला लागलं, की पुढचे चार तास तिथून हलायचं नाही. पलीकडच्या खोलीत दुसरा तंत्रज्ञ होता, पण त्याचीही सहा मशिन होती. मी मॅडमना फोन केला.

"मॅडम, माझ्या वडिलांचं आज ऑपरेशन आहे. मी आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं."

"अगं, मला माहीत आहे गं. पण मी तरी कुणाला ओढून आणू? तू स्वतः ग्रुपवर टाक. तुझं ऐकतील. कुणी पाहिलं की मी लगेच फोन लावते."

मी टाकलं. ओळी मोजून, पट्टीत मावेल एवढंच. 'बाबांचं चारला ऑपरेशन आहे. नंतर त्यांचा आवाज जाणार. दोनपर्यंत कुणीतरी या, पाया पडते.' मग यादी उघडून बसले. पोचला, सातही जणांना. पाहिला, मॅडम सोडून कुणीच नाही.

साडेबाराला फळी लागली. सहा हात, बारा सुया. एकला मी पुन्हा यादी पाहिली. तेच. सातही जण माझं वाक्य वाचून बोट मागे घेऊन बसलेत, हे मला जितकं स्पष्ट दिसत होतं तितकं त्या यादीत काही दिसत नव्हतं. कुणी जेवत असेल, कुणी पोराचा अभ्यास घेत असेल. राग इतका आला की हातमोजा चढवताना फाटला.

मग मी एकेकाला फोन लावायला घेतला. दोघांनी उचलला नाही. एकीने कापला. लंबूने उचलला. लंबू आमच्यातला सगळ्यांत भला माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही.

"हां ताई, बोला. अहो, मी मेसेज काही पाहिला नाही बरं का, सकाळपासून फोन चार्जिंगलाच होता."

"लंबू, मी मेसेजचं काही बोललेच नाहीये अजून."



"ताई, माझी कालची डबल झालीये," तो हळूच म्हणाला. "परवाचीपण डबल. बायको म्हणते, आता पुन्हा गेलात तर तिकडेच राहा. तरी बघतो. पाचपर्यंत जमवतो काहीतरी."

"पाचला मला काय करायचंय?" मी म्हणाले आणि फोन ठेवला. त्याच्यावर धड चिडताही येईना. गेल्या महिन्यात त्याचं पोर तापाने फणफणलं होतं तेव्हा त्याचा असाच मेसेज आला होता आणि मी तो पट्टीत वाचून भाजी निवडत बसले होते.

तीन नंबरच्या खुर्चीवर मास्तर होते. रिटायर होऊन दहा वर्षं झाली, पण वर्ग सुटलेला नाही त्यांचा. ते मघापासून माझ्याकडे पाहत होते.

"पोरी, माझं दीड तासात आटप. आज कमी झालं तरी चालेल मला. बाकीच्यांनाही सांगतो मी."

"मास्तर, तुम्हाला चालेल, तुमच्या फुप्फुसांना चालणार नाही. साडेतीन किलो पाणी चढलंय अंगात. गप पडून राहा."

"बापाकडे जायचंय ना तुला?"

खोटं का बोलू, एक क्षण मी मशिनच्या घड्याळाकडे पाहिलं. एक बटण दाबायचं आणि वेळ कमी करायची. सहा जणांची केली की सुटले. बोट पुढे गेलंही होतं. मग मी हात खिशात घातला आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

दोननंतर दादाचे मेसेज सुरू झाले. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, बाबांपाशी तोच होता. 'निघालीस का?' 'कुठे आहेस?' 'अगं, एक शब्द तरी टाक.' सगळे मी पट्टीतच वाचले. उघडले असते तर त्याला कळलं असतं की मी पाहिलंय, आणि पाहिलंय म्हणजे उत्तर द्यायला हवं. काय देणार होते? अजून निघाले नाही, आणि निघणारही नाही? नाही उघडले तर निदान त्याला वाटेल, रस्त्यात असेन, गर्दीत फोन वाजलेला कळला नसेल.

सव्वातीनला पाच नंबरच्या बाईंचं प्रेशर कोसळलं. ओठ पांढरे, डोळे वर. खुर्ची मागे पाडली, पाय उचलले, सलाइन सोडलं, नाव घेऊन घेऊन हाका मारल्या. तेवढ्यात टेबलावर माझा फोन थरथरायला लागला. दोनदा. दोन्ही हात गुंतलेले होते. दहा मिनिटांनी बाईंनी डोळे उघडले आणि "चहा मिळेल का?" म्हणाल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तीन पस्तीसला मी हात धुऊन फोन हातात घेतला. पट्टीत दादाचं नाव, खाली व्हॉइस मेसेज, बेचाळीस सेकंद. बेचाळीस सेकंद दादा काय बोलणार ते मला पाठ होतं. तुला तुझी नोकरीच मोठी, घरचं सगळं मीच निस्तरायचं, वगैरे. ते आत्ता ऐकण्याची माझ्यात ताकद नव्हती. मी फोन पालथा घातला आणि एक नंबरचं प्रेशर घ्यायला गेले.

चार वाजले. काही झालं नाही. मशिनं घरघरत राहिली. मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तोंडावर पांघरूण ओढलं.

साडेचारपासून एकेक जण सुटत गेला. पाचला खरंच लंबू आला, केस विस्कटलेले, डब्याची पिशवी हातात. माझ्या नजरेला नजर न देता उरलेल्या नळ्या काढायला लागला. मी कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि दादाला फोन लावला.

"नेलं आत," दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, त्यानेच मला भीती वाटली. "चारला दहा कमी होते तेव्हा. तू ऐकला नाहीस ना मेसेज?"

"हात रिकामे नव्हते रे. आता ऐकते. काय बोललास एवढा?"

"माझा नव्हता," दादा म्हणाला.

मी फोन ठेवला आणि तो मेसेज उघडला. आधी खाकरण्याचा आवाज आला. मग बाबा. घोगरे, तुटक, फोन तोंडाच्या फार जवळ धरलेला.

"मी बोलतोय. इथे मला नेऊन घालायची घाई चाललीय. दादा म्हणतो, तू कामात अडकली असशील. असू दे. हातातलं माणूस सोडून यायचं नसतं. पण तू लहानपणी झोपायच्या आधी मला हाक मारायचीस, आणि मी ओ दिल्याशिवाय झोपायची नाहीस. उद्यापासून ती ओ काही देता यायची नाही. म्हणून आत्ताच देऊन ठेवतो. ओ." मध्ये श्वास लागला. "तू हे ऐकलंस की इथे खूण निळी होते म्हणे. ती झाली की मी आत जातो. तोवर नाही जात, सांगितलंय मी यांना. ऐक लवकर."

संपलं. दादाचे त्याखालचे मेसेज आता सगळे उघडे पडले होते. 'फोन हातातून सोडत नाहीत.' 'डॉक्टर चिडलेत.' 'ऐक गं एकदाचं.' आणि शेवटचा, 'मी खोटंच सांगितलं त्यांना, निळी झाली म्हणून. त्यांनी स्वतः बघायला चष्मा मागितला.'

मी बाकावर बसले. दारात लंबू उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "मी वाचला होता मेसेज. साडेबारालाच."

"माहीत आहे," मी म्हणाले. "मीही वाचला होता, तुझा."