मनोऱ्यातल्या चादरी

आमच्या लाँड्रीच्या दारावर नोटीस लावणाऱ्या माणसाने ती तिरकी चिकटवली, हा त्याचा पहिला गुन्हा. दुसरा गुन्हा नोटिशीतच होता. वन्संनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वळणावरचा रस्ता रुंद करायचा असल्याने सदर इमारत पाडण्यात येईल, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी, इथपर्यंत आवाज ठीक होता. पुढच्या ओळीला तो चढला.

“‘सदर इमारतीस कोणतेही ऐतिहासिक महत्त्व नाही.’ कोणतेही! वहिनी, ऐकलंस? थोडंसंसुद्धा नाही!”

इमारत पाडली तर आपण जायचं कुठे, हे त्यांना नंतर सुचलं. आधी अपमान.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. वय एकसष्ट, आवाज पंचविशीचा. सत्तावीस वर्षं आम्ही दोघी ही लाँड्री चालवतोय. माझा नवरा, म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, गाडी चालवतो, कपडे आणतो-पोचवतो आणि अगदीच गरज पडली तर बोलतो.

ही इमारत मुळात अग्निशमन केंद्राची. खाली दोन रुंद दारं, जिथून बंब सुटायचे. आता तिथे धुलाईची यंत्रं. वर लांबलचक खोली, जिथे जवान झोपायचे. आता तिथे इस्त्री आणि घड्या. वरच्या जमिनीला एक गोल भोक आहे आणि त्यातून खाली एक पितळी खांब उतरतो. घंटा झाली की जवान जिना उतरत बसायचे नाहीत, खांबाला मिठी मारून घसरत यायचे. आणि मागच्या बाजूला मनोरा. विटांचा, चार मजले उंच आणि आतून पोकळ. भिंतीला एक लोखंडी शिडी, टोकाला कप्प्या, बाकी काही नाही. आगीवरून परतलेले बंबाचे ओले कापडी पाइप तिथे टांगून वाळवायचे.

बंब नव्या जागी गेले तेव्हा सासऱ्यांनी ही जागा नगरपालिकेकडून घेतली. मनोऱ्यात उभं राहून त्यांनी वर पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला म्हणे, “चादरी!” तेव्हापासून एका हॉस्पिटलच्या आणि दोन हॉटेलांच्या चादरी तिथे वाळतात. खालच्या झरोक्यातून हवा येते, वरच्यातून जाते. ऊन असो-नसो, दोन तासांत चादर कडक.

दुसऱ्या दिवशी आम्ही नगरपालिकेत गेलो. खिडकीतल्या कारकुनाने हरकतीचा फॉर्म दिला. सातवा रकाना होता, ‘इमारतीत वास्तव्य केलेल्या थोर व्यक्तीचे नाव.’

“थोर नाही हो कोणी,” वन्सं म्हणाल्या.

कारकून बिचारा सज्जन होता. “एखादी रात्र? जाता जाता पाणी प्यायला तरी थांबले असतील?”

मी शेजारच्या खिडकीवर इमारतीच्या वयाचा दाखला कुठे मिळतो ते विचारून परत आले, तोवर सातवा रकाना भरलेला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी एक थोर पुढारी इथे एक रात्र मुक्कामाला होते, असं वन्संच्या गोल गोल अक्षरात लिहिलेलं.

“वन्सं, ही शुद्ध थाप आहे.”

“थाप नाही, अंदाज आहे. एवढ्या वर्षांत कोणीतरी राहिलंच असेल.”

मी पुढे बोलेपर्यंत फॉर्मवर शिक्का बसला होता.

आठवड्याने नगरपालिकेची मोजणीवाली आली. तिशीतली मुलगी, गळ्यात कॅमेरा, कमरेला मोजपट्टी, पायात सिमेंट लागलेले बूट. तिने आधी सगळं ऐकून घेतलं आणि मग पेन काढलं.

“काकू, पुढारी वर झोपले होते ना? पण त्या वर्षीच्या हजेरीपटावर बारा जवान आहेत आणि खाटा बाराच. मग ते कुणाच्या खाटेवर झोपले?”

“ज्याची रात्रपाळी होती त्याच्या,” वन्सं तयारच होत्या.

“सकाळी कितीला उठले?”

“उठले कसले, पहाटे घंटा झाली ना! आग लागली होती कुठेतरी.”

“म्हणजे सगळे जवान खांबावरून खाली गेले.”

“सगळे.”

“आणि पुढारी?”

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीकडे पाहिलं.

“तेही,” वन्सं म्हणाल्या. “घसरतच.”

मला ठसका लागला. मोजणीवालीने पेन बाजूला ठेवलं आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. मग डोळे पुसून म्हणाली, “काकू, हे खोडा. आमच्या साहेबांनी थाप पकडली तर सगळा अर्जच बाद करतील.”

वन्संचा चेहरा एकदम उतरला. “मग काय लिहू गं? इथे आग विझवणारी माणसं राहिली, त्यांच्यानंतर आम्ही चादरी धुतल्या. बास. दुसरं काही घडलंच नाही इथे.”

मोजणीवाली उठली. पट्टी घेऊन मागे गेली आणि मनोऱ्याच्या दारात थबकली. मी तोवर तिथे येऊन हॉस्पिटलच्या चादरींची खेप वर चढवायला लागले होते. बारा चादरी एका आडव्या दांडीला चिमट्यांनी लावलेल्या, दोर ओढला की दांडी हळूहळू वर जाते. ती मान वर करून बघतच राहिली.

“हे अजून चालू आहे?”

“चालू म्हणजे काय! सकाळपासूनची तिसरी खेप आहे ही.”

“असे चार मनोरे पाहिलेत मी. तीनमध्ये कबुतरं राहतात, एकाला मोबाइलचा खांब लावलाय. अजून काही वाळवणारा हा एकटाच.” तिने वहीचं नवं पान उघडलं. “बंब होते तेव्हाचं कुणी भेटेल?”

भेटेल का? बंबवाले काका दर गुरुवारी दोन शर्ट इस्त्रीला आणायचे. वय ब्याऐंशी, त्यातली एकोणीस वर्षं याच छताखाली काढलेली. त्यांना बोलावणं गेलं तसे ते गुरुवारची वाट न बघता आले, काठी टेकत, पण केस विंचरून. आणि जे सुटले ते आवरेनात.

आमच्या खालच्या जमिनीला मागच्या बाजूला उतार आहे. गवंड्याने काम नीट केलं नाही, असं आम्ही सत्तावीस वर्षं म्हणत आलो. “गवंड्याला कशाला नावं ठेवता?” काका म्हणाले. “पाइपांचं पाणी निथळून मोरीकडे जायला तो उतार मुद्दाम दिलाय.” मनोऱ्याच्या भिंतीवर खांद्याच्या उंचीला एक लाल पट्टा आहे. दोराची गाठ तिथवर आली की आम्ही ओढायचं थांबवतो. सासरे थांबवायचे म्हणून आम्हीही. काका म्हणाले, “तो मीच रंगवलाय. गाठ तिथे आली की वरचं टोक कप्पीला टेकतं. त्यापुढे ओढलं तर दोर तुटतो. एकदा तुटला होता, म्हणून रंगवला.”

वन्सं तोंडाला हात लावून ऐकत होत्या. मला वेगळंच वाटत होतं. ज्या माणसाचे शर्ट मी इतकी वर्षं इस्त्री करत होते, त्याच्याच खुणेवर रोज हात थांबवत होते, आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

मोजणीवालीने वही मिटली आणि नवा फॉर्म पुढे केला. “सातवा रकाना कोरा राहू दे. हे सगळं बाराव्यात लिहा, ‘इतर’मध्ये. कागद पुरला नाही तर जोडा. आणि लोकांना आत घ्या, दाखवा. तुमच्या दोघींच्याच सह्या असतील तर साहेब म्हणतील, लाँड्रीवाल्यांना आपली जागा हवीय. चारशे सह्या असल्या तर असं म्हणता येत नाही.”

मग रविवार ठरला. झालर-बिलर लावायला वन्संनी साफ नकार दिला. “कामच दाखवू. हॉस्पिटलच्या खऱ्या चादरी आहेत, त्यांना रविवारीही सुट्टी नाही.”

आम्हाला वाटलं होतं, पन्नास माणसं येतील. सकाळी दहालाच रांग समोरच्या शिंप्याच्या दुकानाला वळसा घालून गेली. रोज इथून जाणारीच माणसं, पण कुणी मान वर केली असेल तर शपथ. एक जण म्हणाला, “मला वाटायचं ही पाण्याची टाकी आहे.” त्याची बायको म्हणाली, “मी तर धुराडं समजत होते, आणि धूर दिसतो असं तुम्हाला सांगतही होते.” हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आल्या आणि आपल्याच चादरी वर जाताना बघून टाळ्या वाजवत सुटल्या. प्रत्येकाला दोर ओढायचा होता. मोठ्या माणसांना जास्तच. काका लाल पट्ट्याजवळ खुर्ची टाकून बसले आणि दर खेपेला ओरडत राहिले, “बास! थांबा! सांगितलेलं कळत नाही का?” इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

आणि दुपारी साहेब आले. डोक्यावर हेल्मेट, हातात छोटी हातोडी, मागे मोजणीवाली रडवेल्या चेहऱ्याने. नोटिशीवर सही यांचीच. त्यांनी वरच्या गर्दीकडे पाहिलं आणि पारा चढला.

“वरची जमीन तपासलेली नाही! कुणाच्या परवानगीने माणसं वर नेलीत? रिकामी करा!”

लोक जिन्याकडे धावले आणि तो चिंचोळा जिना गच्च भरला. वर राहिल्या एकट्या वन्सं. त्या गोल भोकातून खाली डोकावत होत्या.

“अहो बाई, खाली या!”

“जिना भरलाय.”

“ते मला माहीत नाही. ताबडतोब खाली या!”

“ताबडतोब?”

“ताबडतोब!”

वन्संनी चष्मा एप्रनच्या खिशात टाकला. एक घडी केलेली चादर खांबाभोवती गुंडाळली, खांबाला मिठी मारली, आणि मी “वन्सं, नको” असं म्हणेपर्यंत त्यांचे पाय हवेत होते.

“गुडघे वाकवा!” मनोऱ्याच्या दारातून काका गरजले.

एकसष्ट वर्षांची माझी नणंद साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर, दोन्ही पायांवर, उभी उतरली.

“आले,” वन्सं धापा टाकत म्हणाल्या. “पुढे?”

जिन्यावरच्या लोकांनी जो गलका केला तो शिंप्याच्या दुकानापलीकडे ऐकू गेला असेल. साहेबांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला होता. मग त्यांनी पुढे होऊन खांब दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो जागचा हलला नाही.

“भार किती घेतो हा?” त्यांनी काकांना विचारलं, आणि या वेळी आवाज खाली आला होता.

“दोन जवान, बूट-हेल्मेटसकट. पण नियम एकाचाच होता साहेब. आम्हीच पाळत नव्हतो.”

साहेब अडीच तास राहिले. हातोडीने भिंती ठोकून पाहिल्या, वरच्या तुळया पाहिल्या, चहा घेतला. जाता जाता त्यांनी दोरही ओढला, आणि काका त्यांच्यावरही ओरडले.

सगळे गेल्यावर वन्सं गाठोड्यावर बसल्या. “वहिनी, मिठी सुटतच नव्हती गं. क्षणभर वाटलं, राहते इथेच लोंबकळत.”

“मग केलंत कशाला?”

“त्याने ताबडतोब म्हटलं ना! राग आला मला.” मग त्या हळूच म्हणाल्या, “खरं सांगू? फार मजा आली.”

हरकतीच्या अर्जाला सहाशे अकरा सह्या जोडल्या. सुनावणी झाली, आणि महिन्याभराने पत्र आलं. इमारत संरक्षित, तिसरी श्रेणी. रस्ता समोरच्या बाजूने रुंद होईल, तिथे पत्र्याच्या कुंपणामागे मोकळीच जागा होती. कारण म्हणून साहेबांनी लिहिलं होतं, ‘इमारत मूळ कामाच्या जवळचे काम आजही करीत आहे.’ वन्संनी ते वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. काहींना दोनदा.

संरक्षणाचा जाच आता कळतोय. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागते. वरच्या खोलीत नवा पंखा बसवायला अर्ज केलाय, त्याला दोन महिने झाले. माझा नवरा पत्र संपूर्ण वाचून एवढंच बोलला होता, “मग पंखा?” त्याला दूरदृष्टी आहे म्हणायची.

मोजणीवालीकडे अशा साध्यासुध्या जुन्या इमारतींची एक यादी आहे. दुपारच्या सुट्टीत ती इथे डबा खाते आणि वन्सं यादी वाचतात. गेल्या रविवारी दोघी मिळून एका छापखान्यात गेल्या होत्या. तिथे छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्यांच्या पायांनी लाकडी जमिनीत खळगे पडलेत म्हणे. वन्सं त्या खळग्यांत उभ्या राहून आल्या आणि दोन दिवस दुसरं बोलत नव्हत्या.

“येत्या रविवारी बेकरी बघायचीय,” काल त्या घड्या घालता घालता म्हणाल्या. “भट्टीवर विटांची कमान आहे, आणि नवा मालक ती फोडून फ्रीज ठेवणार आहे.”

“मीही येते.”

“आणि लाँड्री?”

“तुमचा भाऊ बघेल.”

गाठोडी गाडीत चढवणाऱ्या माझ्या नवऱ्याने मान वर केली, आम्हा दोघींकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, “मग येताना पाव आणा.”