मांदेलीचा हात

कुर्ल्याच्या बाजारात मेंढ्या घेऊन आलेल्या धनगराकडून मथुराने भुऱ्या पिल्लू असताना घेतला, तेव्हाच तो म्हणाला होता, आई राखणीची कुत्री, बाप रानातला लांडगा. सगळ्या खारदांडा कोळीवाड्याने तोंडात बोटं घातली. गावचा पाटील बळवंत तर दारात येऊन बजावून गेला, "मथुरे, माणसावर एकदा दात विचकले ना यानं, तर त्याच दिवशी कोयता घालीन. मंग रडू नको."

मथुराने माशांच्या डोक्यांची पेज घालून त्याला वाढवलं. भुऱ्या भुंकत नसे. अनोळखी माणूस दिसला की खोपटामागे दडून बसे. मथुरा बाजारातून मासळीची टोपली घेऊन परतली की मात्र पायात घुटमळे. म्हणे लांडगा!

बावन्न साली तिच्या मालनचं लग्न निघालं. त्या सकाळी मथुरा वासाच्या साबणाने न्हाली, कोरं लुगडं नेसली, अबोलीची वेणी माळली आणि पेज घेऊन मागच्या अंगणात गेली.

भुऱ्याच्या पाठीवरचे केस ताठ झाले. ओठ वर गेला, दात दिसले. घशातून असा आवाज निघाला की मथुराच्या हातातलं भांडंच पडलं. गळ्यातला दोर जुन्या जाळ्याचा, एका हिसक्यात तुटला असता.

"सरक मागं!" मांडवाचे बांबू तोडणारा बळवंत कोयत्यासकट धावत आला. "रक्तावर गेला शेवटी."

मथुराला क्षणभर पटलंसुद्धा. आपल्या हाताने वाढवलेलं जनावर आपल्यालाच ओळखत नाही! मग मासळीच्या जागी साबणाचा वास तिच्याच नाकात शिरला आणि तिने कपाळावर हात मारून घेतला.

"दादा, थांब. तुला माझी आण हाय."

वऱ्हाडासाठी आणलेल्या मांदेलीची टोपली भिंतीशी होती. तिने कोपरापर्यंत हात घातले, गालाला, गळ्याला, कोऱ्या लुगड्याला फासले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. भुऱ्याने मान लांब केली. दात अजून बाहेरच होते. त्याचा गरम श्वास तिच्या गळ्याला लागला. बळवंतचा कोयता वर होता.

मग ओठ खाली आला. भुऱ्या तिचा गाल चाटू लागला आणि मथुराला रडू फुटलं. बळवंतने कोयता कमरेला खोचला. "लुगड्याची वाट लावलीस," एवढंच म्हणाला.

दारात मालन उभी होती, मुंडावळ्या बांधलेली, हळदीने पिवळी.

"आये, सासरी जाताना मना पण नाय ओळखणार तो," ती म्हणाली आणि हिरव्या चुड्याचे हात तिने टोपलीत घातले.