तिपाई आणि बबडीचे ‘हं’

मी एक जुनी लाकडी तिपाई आहे आणि मित्रांनो, मी रागावलेली आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात. मला ते जमत नाही. मी स्पष्ट बोलणार आहे.

एका सुताराने दुकानात उरलेल्या लाकडातून मला घडवले. "हिच्यावर हत्ती बसला तरी डुगडुगायची नाही," असे तो गिऱ्हाइकाला म्हणाला. ते गिऱ्हाईक म्हणजे बबडीची आई. ती घरी कपडे शिवते, उसवलेले नीट करते, लांब पॅन्ट आखूड करते. तिच्या शिलाई मशीनशेजारी मला जागा मिळाली. तेव्हा बबडीचा जन्म व्हायचा होता. माझ्यावर तिची मोठी बहीण, ताई, बसायची. "दोन भोकांचं बटण दे गं. हे चार भोकांचं झालं. निळं ना? बघ, तुझ्याच मांडीखाली आहे." आई असे काहीबाही बोलत राही. "या पॅन्टचे पाय का कापले?" असे ताई विचारी आणि आई दातांत दोरा धरून उत्तर देई. आजोबा म्हणत, "या तिपाईवर बसलं की पोरीला कंठ फुटतो." माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग बबडी आली आणि मोबाईलही आला. आईचे काम वाढले होते, ताई शाळेत जाऊ लागली होती. दोऱ्याच्या रिळाला टेकवून मोबाईल माझ्यावर उभा राहिला आणि बबडी खाली चटईवर बसली. तो दिवसभर बडबडे. ‘सांगा पाहू, हा कोण?’ असे विचारी आणि बबडीने तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देऊन मोकळा होई. त्याला कुठे कुणाचे ऐकायचे होते? माझा नुसता जळफळाट होई.

पण माझा खरा राग मोबाईलवर नाही. तो बिचारा सांगकाम्या. राग आहे तो घरातल्या शहाण्यांवर. बबडी तीन वर्षांची झाली तरी एकच शब्द बोले, ‘हं’. मग या मंडळींनी काय करावे? त्यांनी ‘हं’ ही भाषाच शिकून घेतली. मान वर करून ‘हं’ म्हणजे पाणी. लांबलचक ‘हंऽऽ’ म्हणजे मोबाईल बंद पडला. नाकातले आखूड ‘हं’ म्हणजे शू. आजोबा तर त्यात पंडित झाले. "बबडी बोलत नाही, पण आम्हाला सगळं कळतं," असे ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. "हिचा बापही उशिराच बोलला. आता त्याला गप्प बसवावं लागतं." सगळे हसत. अहो, मुलीने तुमची भाषा शिकायची की तुम्ही तिची? मला तोंड असते तर तिथल्या तिथे सुनावले असते.

व्हायचे तेच झाले. बबडी बालवर्गात जाऊ लागली. तिथे तिने बाईंना नाकातले ‘हं’ ऐकवले. बाईंना काय कळणार? त्यांनी कौतुकाने तिच्या हातात खडू दिला. बबडीने पुन्हा ‘हं’ म्हटले. मग सतरंजी ओली झाली आणि मुले हसली. घरी आल्यावर ती माझ्या पायांशी येऊन बसली. त्या दिवसापासून तिचे ‘हं’सुद्धा बंद झाले. तहान लागली तरी ती नुसती बघत राही.

आई तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. परत आल्यावर ती आजोबांना म्हणाली, "कान चांगले आहेत हिचे. त्यांनी विचारलं, हिला घरात बोलायची गरज कधी पडते? मला सांगता येईना, बाबा."

"म्हणजे माझंच चुकलं म्हण की."

"आपल्या सगळ्यांचं. हातात जे काम असेल त्याबद्दल हिच्याशी बोला म्हणाल्या. काही विचारलं की थांबा. हिला वेळ द्या."

मोबाईल कपाटात गेला आणि माझ्यावर बबडी बसली. "ही बाही उसवलीय. दोरा पांढरा घेऊ की काळा?" असे आई विचारी आणि थांबे. हे थांबणे आजोबांना सोसेना. बबडीची नजर काळ्या रिळाकडे वळली की त्यांचा हात पुढे होई आणि आई तो धरी. बबडी चिडे, रडे, मोबाईलसाठी आदळआपट करी. घर कावून गेले. "छळ चाललाय पोरीचा," असे आजोबा म्हणू लागले. ही माणसे आता कच खाणार, अशी मला धास्ती वाटू लागली.

एका दुपारी बबडी तणतणत खाली उतरली आणि तिने मला लाथ घातली. मी धाडकन आडवी झाले. माझा एक पाय निखळला. बबडी माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पडलं."

आजोबा मोबाईल काढायला कपाटाकडे धावले. "परत म्हण, बबडे. परत म्हण. तुझ्या बाबाला ऐकवू." बबडीने ओठ घट्ट मिटले. मित्रांनो, मी इतकी संतापले की उरलेल्या दोन पायांवर घर सोडून निघाले असते. लेकरू बोलले आहे, त्याला उत्तर द्या ना. तमाशा कसला करता?

उत्तर दिले ते आईने. ती मशीनवरून उठली आणि बबडीशेजारी जमिनीवर बसली. "हो गं, पडली तिपाई. पायपण निघाला. कुणी पाडली?"

मला जपा, मला रंग द्या, असे मी तुम्हाला मुळीच सांगणार नाही. तुमच्या घरात लहान भावंड असेल तर त्याच्याशी बोला, त्याला विचारा आणि मग कृपा करून आपले तोंड बंद ठेवून वाट बघा. आई तशीच वाट बघत राहिली. आजोबांचा हात कपाटाच्या कडीवर थांबला.

बबडीने माझा निखळलेला पाय उचलून मांडीवर घेतला.

"मी," ती म्हणाली.