माझे एक अक्षरही चुकले नव्हते

मित्रांनो, मी एक जुना जनुक आहे. वाल्मिकभाऊंच्या हाडांच्या मगजात, जिथे रक्त घडते, तिथे माझा मुक्काम. कोवळ्या पेशींना आवरायचे, नीट वाढवायचे, हे माझे काम. पन्नास वर्षे ते मी चोख केले. कुणी शाबासकी दिली नाही, मीही मागितली नाही.

मग माझ्यावर मिथाइल नावाच्या बारीक रसायनाचे शिक्के बसू लागले. का बसले, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. माझे एक अक्षरही बदलले नाही, तरी माझा आवाज बंद झाला! पेशी अर्धवट, उनाड वाढू लागल्या. रक्ताचा कर्करोग झाला, आणि लोक खुशाल म्हणाले, "नशिबातच लिहिलेलं होतं." खोटे! लिहिलेले धड होते, ते झाकले गेले होते.

शिक्के उतरवणारी इंजेक्शने सिल्वासाच्या इस्पितळात सुरू झाली. महिन्यातून सात दिवस, ही एक खेप. दोन खेपांनंतर रक्त आणखी उतरले, म्हणजे पेशी घटल्या, आणि वाल्मिकभाऊ बिथरले. "औषधच नडलं मला!"

भाऊ मसाटच्या ज्या सूत कारखान्यात कामाला होते, तिथला ठेकेदार भावेश म्हणाला, "काका, एक बाटली चढवून घ्या, सब ठीक! उद्या मशीनवर या."

इकडे अशक्तपणा आला की सलाइनची बाटली, हा रिवाजच. तिसरी खेप बुडवून भाऊंनी बाटली घेतली. मी आत संतापाने जळत होतो. मुक्याचा संताप कोण ऐकणार?

चौथ्या दिवशी पांढऱ्या सुतावर त्यांच्या नाकातले रक्त ठिबकले. केसरबाईंनी नवऱ्याला रिक्षात घातले. "मीठपाण्यानं माणूस बरा होत असता, तर मी तुम्हाला लोणच्याच्या बरणीतच ठेवलं असतं!"

इस्पितळात डॉक्टर सुलभाताई म्हणाल्या, "भाऊ, याला चार-सहा खेपा लागतात. आधी रक्त उतरतंच. सांगितलं होतं मी."

"कधी?"

"तुम्ही भावेशशी फोनवर बोलत होतात तेव्हा."

पुढची एकही खेप केसरबाईंनी चुकू दिली नाही. पाचवीनंतर माझ्यावरचे काही शिक्के गळाले. आवाज घोगरा आहे, पण पेशी ऐकतात. आधी भाऊंना वरचेवर बाहेरचे रक्त चढवावे लागे; ते लागले नाही, त्याला आता दोन महिने झाले. आजार गेलेला नाही. इंजेक्शने चालूच आहेत.

मित्रांनो, माझा राग अजून निवलेला नाही. उशिरा बोलणाऱ्याला मुका ठरवून उठून जाऊ नका.