पहारेकरी क्रमांक दोन

चिगुसा हानेदा चौपन्न वर्षांची होती आणि त्यातली एकतीस वर्षं तिने पोरांचे आवाज काढण्यात घालवली होती. जादूच्या तलवारी चालवणारी पोरं, आई हरवलेली पोरं, कोल्ह्याशी बोलणारी पोरं. टोकियोतल्या कार्टूनवाल्यांना बारा ते सोळा वयाचा जिद्दी मुलगा हवा असला की आधी तिलाच फोन जायचा. रस्त्यात तिला कुणी ओळखत नसे. नेरिमातल्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची, आणि काम नसलं की दोन-दोन दिवस कुणाशीही न बोलता जायचे. गळ्याला विश्रांती, असं ती स्वतःची समजूत घालायची.

त्या वर्षी ती तोवा होती. ‘मिठाचा बुरूज’ नावाच्या मालिकेतला सोळा वर्षांचा मिठागरातला मजूर. मीठसरदारांनी त्याच्या गावाचं पाणी तोडलेलं, बहीण तहानेने मेलेली, आणि समुद्राच्या भुतांकडून त्याला हातात विस्तव धरायची विद्या मिळालेली. शाळकरी मुलांच्या दप्तरांवर तोवा होता, कॉलेजच्या पोरांच्या तोंडी त्याची वाक्यं होती. अठराव्या भागात तोवा बुरुजाचं फाटक पेटवतो. आत चार पहारेकरी जळून मरतात. साथीदार विचारतो, आत माणसं होती ना? तोवा उत्तर देतो, “ती माणसं नव्हती. ते फाटक होतं.”

हे वाक्य चिगुसाला जमेना. पहिल्यांदा तिने ते रागाने म्हटलं, मग थंडपणे, मग रडू दाबत. काचेपलीकडे आवाजाची दिग्दर्शिका एबिहारा बसली होती. चिगुसाहून दहा वर्षांनी लहान, पण कानाची पक्की. सात वेळा ऐकल्यावर ती हळूच म्हणाली, “हानेदा-सान, सगळं बरोबर आहे, पण तुम्ही त्याच्या बाजूने तरी बोलताय नाहीतर विरुद्ध तरी. तो नुसता बोलत नाहीये.” चित्रं अजून अर्धकच्चीच होती, म्हणून ते वाक्य पुढच्या आठवड्यावर ठेवलं.

बाहेर मालिकेचा लेखक किझू डब्यातली कॉफी पीत उभा होता. चौतिशीचा, बारीक, सतत माफी मागितल्यासारखं बोलणारा. चिगुसाने त्याला विचारलं की हे वाक्य सुचलं कुठून. किझू जरा ओशाळला. सुचलं नाही, ऐकलं, असं त्याने कबूल केलं. लिहिण्याआधी तो कावागोएला एका म्हाताऱ्याला भेटून आला होता. विद्यार्थ्यांच्या चळवळी पेटल्या होत्या त्या काळात या माणसाने एका कारखान्याच्या फाटकावर बॉम्ब ठेवला होता. अठरा वर्षं तुरुंगात काढली. त्यांच्या गटात हे वाक्य म्हणायचे म्हणे.

“नाव काय त्यांचं?” चिगुसाने विचारलं.

“शिगेनो. युताका शिगेनो.”

हे नाव ती सात वर्षांची असल्यापासून ओळखत होती. त्या फाटकावर मेलेला एकमेव माणूस, पहारेकरी तोकुजी ओनोदेरा, तिचा बाप. हानेदा हे नाव तिने धंद्यासाठी घेतलेलं. आई शाळेच्या स्वयंपाकघरात राबली आणि या विषयावर अवाक्षर न काढता सहा वर्षांपूर्वी गेली. भावंडं नव्हती. धंद्यातल्या कुणाला चिगुसाने कधी सांगितलं नव्हतं, आणि किझूलाही सांगितलं नाही. तिने फक्त पत्ता मागितला. भूमिकेसाठी, म्हणाली. किझूला तिचं फार कौतुक वाटलं.

भूमिकेसाठी हे अगदीच खोटं नव्हतं. त्या पोराने आग लावल्यावर त्याच्या छातीत काय चालतं, हे तिला खरंच हवं होतं. ते ठाऊक असलेला दुसरा माणूस तिच्या माहितीत नव्हता.

शिगेनो नगरपालिकेच्या चाळवजा इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचा. सकाळी कचरा वेगळा करायच्या केंद्रात काम, दुपारी घरी. एका कानाला यंत्र, अंगावर इस्त्रीचा शर्ट. त्याने जवाचा गार चहा दिला, मुळ्याचं लोणचं पुढे ठेवलं आणि ताठ बसला. अशा लोकांची त्याला सवय दिसत होती. वार्ताहर, प्राध्यापक, आता कार्टूनवाले.

चिगुसाने सरळ विचारलं, “ठेवून आल्यावर, त्या दुपारी, तुम्हाला काय वाटत होतं?”

“आनंद,” शिगेनो म्हणाला. “लोकांना हे आवडत नाही. किझूंनी लिहूनसुद्धा घेतलं नाही. पण खोटं कशाला सांगू? त्या कारखान्यातनं दुसऱ्यांच्या लढाईला सामान जात होतं, आणि ते थांबवणारं कुणीतरी आहे असं मला वाटत होतं. मला लागली होती भूक. स्टेशनजवळ गार सोबा शेवया खाल्ल्या. दोन थाळ्या. तेवढ्यात दुकानातल्या रेडिओवर सांगितलं की माणूस गेला.”

“मग?”

“थाळी संपवली. आणि आधी राग आला तो त्या माणसाचाच. तीन रविवार आम्ही नजर ठेवली होती. दोन वाजता पहारेकरी मागच्या अंगाला फेरीला जातो, फाटकावर चिटपाखरू नसतं. हा तिथे काय करत होता?”

तो तिथे काय करत होता हे चिगुसाला माहीत होतं. पुढच्या रविवारी तिच्या शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. त्या बघायला सुटी मिळावी म्हणून बापाने पाळी बदलून घेतली होती, आणि या रविवारी तो तिथे उभा होता; रविवारच्या पाळीला तो नवा, फेरी कधी करतात हे त्याला नीट ठाऊक नव्हतं. मुळ्याची एक फोड तिने बराच वेळ चावली.

मग तिने त्या वाक्याबद्दल विचारलं.

“ते आधी म्हणायचो. एकमेकांना तयार करायला. नंतर मला कधी म्हणता आलं नाही. बाकीच्यांना यायचं.” शिगेनोने हातातला पेला खाली ठेवला. “मी त्याच्याशी बोललो होतो ना. आदल्या आठवड्यात फाटक बघायला गेलो, आणि काहीतरी निमित्त हवं म्हणून पत्ता विचारला. त्याने सांगितला. वर आपली छत्रीही दिली.”

“काय म्हणाले ते?” आपला आवाज उंच गेल्याचं चिगुसाच्या लक्षात आलं.

“म्हणाला, आभाळ भरून आलंय, छत्री घेऊन जा.”

“असंच म्हणाले? शहरी माणसासारखं?”

“नाही, नाही. उत्तरेकडचा होता. लपवायला बघायचा, पण लपत नव्हतं.” म्हाताऱ्याने डोळे बारीक केले, घसा साफ केला, आणि नाकातनं जरासा अडखळत म्हणाला, “आभाळ आलंया, लेकरा. छत्री न्हाई व्हय तुझ्यापाशी?”

चिगुसाला बापाचे हात आठवत होते, टोपीचा वास आठवत होता, पण आवाज आठवत नव्हता. ती आवाजावर पोट भरणारी बाई, अन् हाच एक आवाज तिच्यापाशी नव्हता. टेप नव्हती, आईने कधी नक्कल केली नव्हती. सत्तेचाळीस वर्षं तो आवाज जिवंत होता तो या खोलीत, या माणसाच्या डोक्यात.

“पुन्हा एकदा म्हणता का?” ती म्हणाली.

त्याने म्हटलं. तिने तिसऱ्यांदा मागितलं. तिसऱ्यांदा म्हणताना तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि शेवटचे शब्द हळू झाले. ती उठली, वाकून निरोप घेतला आणि छत्रीचं काय झालं ते जाता जाता विचारलं. एका कॉफीच्या दुकानात विसरली, असं तो म्हणाला.

परतताना गाडीत आपल्याला राग यायला हवा, हे तिला कळत होतं. आली ती हाव. अजून ऐकायला हवं होतं, एवढंच डोक्यात होतं, आणि त्याची लाज वाटून ती खिडकीकडे तोंड करून बसली.

पुढच्या आठवड्यात तिने किझूला गाठलं आणि पटकथेतल्या पहारेकरी क्रमांक दोनला एक वाक्य द्यायला सांगितलं. आग लावायच्या आधी तोवा त्याला रस्ता विचारतो, आणि तो तोवाला पावसाची सूचना देऊन आपलं घोंगडं देतो. किझू हादरला. मग प्रेक्षक तोवाला सोडून जातील, म्हणाला.

“सोडून जाणार नाहीत,” चिगुसा म्हणाली. “तोवाचं गाव तहानलेलंच आहे ना? फाटक पडायलाच हवं. बघणारे त्याच्याच बरोबर जातील. आपण त्याच्याबरोबर गेलो, याचाच त्यांना त्रास होईल.”

किझूने दोन रात्री विचार केला आणि लिहिलं.

पहारेकऱ्याचा आवाज द्यायला सुगिमोरी नावाचा नवा नट आला. त्याने नम्रपणे विचारलं की बोली लावू का, गावाकडची. चिगुसा शेजारच्या माईकपाशी उभी होती. ती त्याला शिकवू शकली असती. नाकातनं कुठे अडायचं, ‘लेकरा’वर किती रेंगाळायचं, सगळं तिच्या कानात ताजं होतं. पण ते वाटून टाकायला तिचं मन झालं नाही. “नको,” ती म्हणाली. “साधंच म्हणा.” सुगिमोरीने ते साध्या शहरी बोलीत, मऊ आवाजात म्हटलं. छान म्हटलं.

मग तिची पाळी आली. पडद्यावर काळ्या रेघांचा अर्धवट तोवा धूर अंगावर घेऊन धावत होता. साथीदाराने विचारलं, आत माणसं होती ना? चिगुसाने तोवाचं उत्तर धापा टाकत, खुशीत म्हटलं. भुकेला पोरगा घरात शिरता शिरता चांगली बातमी सांगतो, तसं. “ती माणसं नव्हती. ते फाटक होतं.”

काचेपलीकडून एबिहारा म्हणाली, “घेतलं.”

तो भाग एका रविवारी सकाळी दाखवला आणि गदारोळ झाला. एका आईने लिहिलं की माझ्या मुलाने जेवण टाकलं, तुम्ही खुन्याला हसवलंत. एका विद्यार्थ्याने लिहिलं की अखेर कुणीतरी खरं बोललं, फाटकं अशीच जाळायची असतात. किझूने फोनवर तिला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. पुढे काय लिहावं तेच कळेनासं झालंय, म्हणाला. तोवाला शेवटी मारायचं ठरलं होतं, आता तेही खोटं वाटत होतं. चिगुसाने त्याला झोप घ्यायला सांगितलं. ती कुठल्या बाजूची, हे तिला कुणी विचारलं नाही. तोवाचा आवाज तिचा होता आणि पहारेकरी तिचा बाप होता. कुणी विचारलं नाही.

मार्चमध्ये ती पुन्हा कावागोएला गेली. आता निमित्त उरलं नव्हतं. शिगेनोने दार उघडलं आणि म्हणाला, “या, ओनोदेरा-सान.”

तिसऱ्यांदा म्हणायला लावलंत तेव्हाच कळलं, असं त्याने सांगितलं. मग तो जमिनीवर गुडघे टेकून कपाळ टेकवायला लागला. तिने त्याला अडवलं.

“माफी मागणार असाल तर मी निघते. मी त्यासाठी आलेली नाही. मला ते वाक्य ऐकायचंय.”

“आता नको ऐकू,” तो म्हणाला. अहो-जाहो त्याचं त्यालाच कळायच्या आत सुटलं होतं.

ती हटून बसली. शेवटी त्याने घसा साफ केला आणि म्हटलं. आवाज मऊ होता, सरळ होता, नाकात कुठेच अडला नाही. शब्द उत्तरेकडचे होते, पण खाली चाल वेगळीच होती. चिगुसाने ती लगेच ओळखली. तो सुगिमोरी होता.

“तुम्ही बघितलात तो भाग,” ती म्हणाली.

“शेजाऱ्यांच्या घरी. तुमचं काम आहे म्हणून मुद्दाम गेलो.” म्हाताऱ्याचा चेहरा पडला होता. “तेव्हापासून दुसरा आवाजच येत नाही. आठवायला गेलो की तोच पोरगा बोलायला लागतो. मी रोज म्हणून बघतो.”

रोज म्हणून बघू नका, असं तिला सांगायचं होतं. शंभरदा म्हटलेल्या वाक्यातलं पहिलं कधीच हाती लागत नाही, हे तिच्या धंद्यातलं रोजचं होतं. आणि तिने ऐकलेल्या त्या तीन वेळा? त्या तरी तिच्या कानात तशाच होत्या का? तिने आठवून बघितलं. नाकातलं अडखळणं होतं, पण ते बापाचं की समोरच्या म्हाताऱ्याचं, हे सांगता येईना.

रडारड झाली नाही. त्याने चहा केला, दोघांनी तो प्यायला. निघताना तो बसथांब्यापर्यंत बरोबर आला. तिने नको म्हटलं नाही. बसला वीस मिनिटं होती, थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं, आणि वारा गार होता. शिगेनो तिच्यापासून चार हात दूर उभा राहिला.

“कुठल्या गावचे होते?” त्याने विचारलं. “खटल्यात सांगितलं होतं, पण मी तेव्हा ऐकत नव्हतो.”

“इचिनोसेकीच्या पुढे. डोंगरात.”

मग तिने आणखी सांगितलं. ते पर्सिमनची फळं सोलायचे तेव्हा साल कधी तुटायची नाही. त्यांना पोहता येत नव्हतं आणि समुद्राची भीती वाटायची. त्यांनी तिला सायकल शिकवली ती स्वतः पळत पळत, आणि दमल्यावर दोघं फुटपाथवर बसायची. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायला कुणी नव्हतं. म्हातारा यंत्र लावलेला कान तिच्याकडे वळवून ऐकत होता.

बस आली तेव्हा ती बापाच्या बुटांबद्दल सांगत होती. दार उघडलं, चालकाने वाट पाहिली. तिने हाताने पुढे जा अशी खूण केली आणि बोलत राहिली.