डोंगरापलीकडचा रागीट माणूस

मी छापखान्यातला, चित्र छापायचा एक जुना लाकडी ठसा आहे. मित्रांनो, गेल्या सोमवारी मला कायमचं निवृत्त करण्यात आलं. आता तसं काही झालंच नाही असं धरून पुढे वाचा. छापखान्याचे मालकही तसंच धरून चालले आहेत.

माझा जन्म एका दाढदुखीतून झाला. चौथीच्या भूगोलात 'डोंगरापलीकडचे लोक' असा धडा होता आणि त्याला चित्र हवं होतं. डोंगरापलीकडे छापखान्यातलं कुणीच गेलेलं नव्हतं. चढ फार होता. म्हणून ठसे कोरणाऱ्या कारागिराने घरातच नजर फिरवली. कोपऱ्यात त्याचा मेहुणा बसला होता. डोक्याला फडकं, गाल टम्म सुजलेला, एक डोळा मिटलेला.

"मेहुणेबुवा, हलू नका."

"अहो भावोजी, जीव चाललाय माझा!"

"जाऊ द्या. चेहरा झकास आलाय."

अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने विचारलं, "याच्याखाली काय लावू?" थोरल्या मालकांनी मला उजेडात धरलं. "रागीट दिसतोय. रागीट लाव." ओळीत थोडी जागा उरली, म्हणून 'व अविश्वासू' हेही बसवण्यात आलं.

मित्रांनो, खरं सांगतो, मला आजवर राग आलेला नाही. लाकडाला फार तर चीर जाते. त्यामुळे मला कायम कुतूहल वाटे, मी चिडलोय तरी कुणावर?

तीस वर्षं मी राबलो. आधी भूगोल, मग चोरीच्या बातम्या, मग कुलपांच्या जाहिराती. लोक वाखाणत, "काय हुबेहूब चेहरा!" हुबेहूब कुणासारखा, ते कुणी विचारलं नाही. चौथीतली पोरं मोठी झाली आणि डोंगरापलीकडचं कुणी समोरून आलं की रस्ता ओलांडू लागली. सगळ्यात आधी ओलांडायचा तो मेहुणा. दाढ काढून तो ठणठणीत झाला होता, इथेच पुस्तकबांधणीला लागला होता. पण डोंगरापलीकडच्या पानावर स्वतःला कोण शोधतो?

सोमवारी एक बाई काम मागायला आली. बांधणीत हात बसलेला, घरी दोन लेकरं, चार छापखान्यांनी आधीच नकार दिलेला. गाव डोंगरापलीकडचं. धाकट्या मालकांनी खुर्ची जरा मागे सरकवली.

"काम आहे हो. पण तुम्ही लोक रागीट."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात छापलंय. चित्रासकट."

"कुणी छापलंय?"

"आम्हीच."

बाई चिडली असती तर पुस्तक खरं ठरलं असतं. म्हणून तिने राग गिळला आणि नुसतं चित्र मागितलं. मालकांनी मला फळीवरून काढून दिलं. तिने माझ्या गालावरची धूळ अंगठ्याने पुसली. शाई न लावता मला कुणी हात लावण्याची ती पहिलीच वेळ.

"हा कुठला रागावलाय!" ती म्हणाली. "याची दाढ दुखतेय. माझ्या धाकट्याची गेल्या महिन्यात अश्शीच सुजली होती. लवंग तरी दिली का कुणी याला?"

बांधणीच्या टेबलावरून म्हातारा मेहुणा उठून आला. मला पाहताच त्याचा हात आपोआप गालावर गेला.

"नाही हो ताई," तो म्हणाला. "कुणीच दिली नाही."

मालक वरमले. बाईला काम मिळालं, मला निवृत्ती.

मंगळवारी बाईच्या हाती घडी घालायला पहिलाच ताव आला. त्यावर मीच होतो. खाली ओळ होती, 'समुद्रापलीकडचे लोक रागीट व अविश्वासू असतात.'

"लाकूड चांगलं आहे हो," मालक म्हणाले. "वाया कशाला घालवायचं?"

बाईचे हात थांबले. मग घरची दोन तोंडं आठवली असावीत. तिने घडी घातली, पण माझा चेहरा आत जाईल अशी.

मित्रांनो, कुणाच्या चेहऱ्याखाली ओळ छापण्याआधी त्याला कुठे दुखतंय का, तेवढं विचारत जा.

आणि माननीय मालकांस विनंती की, माझ्या आजवर छापलेल्या सर्व प्रती, तसेच त्या वाचून ओलांडण्यात आलेले सर्व रस्ते सात दिवसांच्या आत परत मागवण्यात यावेत. माझ्याखाली 'मेहुणा, दाढ दुखत असताना' एवढीच ओळ छापण्यात यावी. आणि ओळीत जागा उरल्यास ती कोरी सोडण्यात यावी.